अंदाज चुकणारच, मग टर्मिनल कसं बांधायचं?

१९६२ साली अमेरिकेत विमानतळांची दोन टर्मिनलं प्रवाशांसाठी खुली झाली. दोन्हींचा वास्तुरचनाकार एकच, ईरो सारिनेन. यांतलं एकही पुरं झालेलं पाहणं त्याच्या नशिबी नव्हतं. आदल्याच वर्षी तो वारला होता. न्यूयॉर्कमधलं टीडब्ल्यूए या विमान कंपनीचं टर्मिनल म्हणजे पंख पसरून झेपावणाऱ्या पक्ष्याच्या आकाराचं काँक्रीटचं कवच. छायाचित्रकारांचं लाडकं, पण वाढवायचं म्हटलं तर अवघड, कारण मुळात पूर्णच असलेल्या कवचाला जोड कुठून देणार? आठ वर्षांत जंबो जेट सेवेत आलं, एकेका विमानातून साडेतीनशे-चारशे माणसं उतरू लागली, आणि ही देखणी वास्तू अपुरी पडत गेली ती गेलीच. २००१ मध्ये ती बंद झाली. २०१९ पासून तिथे हॉटेल चालतं.

दुसरं टर्मिनल वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळाचं. तिथे सारिनेनने ठरावीक अंतरावर बाहेरच्या बाजूला कललेल्या खांबांच्या दोन रांगा उभ्या केल्या आणि त्यांच्यामध्ये केबलींवर छत टांगलं. एक खण, शेजारी तसाच दुसरा, मग तिसरा. १९९६ मध्ये दोन्ही टोकांना तसेच आणखी खण जोडून इमारतीची लांबी सुमारे ६०० फुटांवरून १,२४० फुटांवर नेली. जुनं कुठे संपतं नि नवं कुठे सुरू होतं हे कुणी दाखवल्याशिवाय कळत नाही.

इथवर गोष्ट सरळ आहे, म्हणूनच फसवी आहे. डलेसची इमारत वाढली खरी, पण तिच्यामागची कल्पना म्हातारी झाली. मूळ योजनेत विमानांनी टर्मिनलपाशी यायचंच नव्हतं. प्रवाशांना चाकांवरच्या मोठ्या दालनांत बसवून थेट विमानापर्यंत न्यायचं, म्हणजे कुणाची पायपीट नको. त्या शहरातून निघणाऱ्या आणि त्याच शहरात उतरणाऱ्या माणसाला हे सोयीचंच होतं. पुढे विमान कंपन्यांनी हब, म्हणजे सगळीकडचे प्रवासी एका विमानतळावर आणून तिथून दुसऱ्या विमानाने पुढे धाडण्याची केंद्रं, उभारले, बरेचसे प्रवासी नुसतं विमान बदलायला उतरू लागले आणि त्यांना अशा दालनांतून इकडून तिकडे फिरवणं परवडेना. १९८५ मध्ये मैदानाच्या मधोमध गेटांची एक लांबलचक इमारत बांधावी लागली. तात्पुरती म्हणून. ती अजून वापरात आहे.

विमानतळाच्या विस्ताराचा विषय निघाला की सगळी चर्चा एका आकड्याभोवती फिरते. क्षमता किती? दोन कोटी, पाच कोटी, नऊ कोटी? आकडा जितका मोठा तितकी दूरदृष्टी मोठी, असा एक समज आपल्याकडच्याच नव्हे, सगळ्या जगातल्या राज्यकर्त्यांत रुजला आहे. मला हा प्रश्नच दुय्यम वाटतो. नवं टर्मिनल किती माणसं मावतील इतकं आहे, यापेक्षा ते किती स्वस्तात बदलता येईल यावर त्याचा आराखडा जोखला पाहिजे. वाढवता येईल का, आवरतं घेता येईल का, भिंती न पाडता आतून फिरवता येईल का? सार्वजनिक पैशाची मंजुरी या उत्तरांवर अवलंबून असायला हवी.

आकड्यांवर विसंबून काय होतं याचं सर्वांत महागडं उदाहरण माँट्रियलचं मिराबेल. १९७५ मध्ये ते सुरू झालं. त्यासाठी कॅनडाच्या सरकारने सुमारे ९७ हजार एकर जमीन ताब्यात घेतली, शेतकऱ्यांना उठवलं आणि पुढे त्यातली बरीचशी जमीन परत करण्याची वेळ आली. अंदाज असा होता की जुनं दोरव्हाल विमानतळ लवकरच तुंबेल आणि अटलांटिक ओलांडणारी विमानं माँट्रियलला उतरत राहतील. पण विमानांचा पल्ला वाढला, त्यांना वाटेत थांबण्याची गरज उरली नाही. त्यात देशांतर्गत विमानं दोरव्हाललाच ठेवल्यामुळे विमान बदलणाऱ्याला एका विमानतळावरून दुसऱ्यावर रस्त्याने जावं लागे. असा प्रवासी साहजिकच टोरोंटोमार्गे जाऊ लागला. २००४ मध्ये मिराबेलहून शेवटचं प्रवासी विमान उडालं. २०१४ मध्ये टर्मिनल पाडायला घेतलं.

पिट्सबर्गचा अंदाज तर काही वर्षं बरोबर ठरला होता! १९९२ मध्ये तिथलं नवं टर्मिनल यूएस एअरवेज या कंपनीच्या हबसाठी बेतून बांधलं. नव्वदच्या दशकात वर्षाला दोन कोटींच्या घरात प्रवासी आले. २००४ मध्ये कंपनीने हब गुंडाळला आणि काही वर्षांत प्रवासी ८० लाखांच्या आसपास आले. लोकसंख्या, उत्पन्न, पर्यटन असले सगळे निर्देशांक तपासून केलेला अंदाज एका कंपनीच्या एका निर्णयाने निकाली निघाला. इमारत मात्र तेवढीच राहिली. तेवढीच वीज, तेवढेच सरकते जिने, मुख्य इमारतीपासून गेटांपर्यंत जाणारी तीच छोटी रेल्वे. आणि या सगळ्याचा खर्च वाटून घ्यायला निम्म्याहून कमी माणसं.

पण संख्या हुकणं हा या रोगाचा सौम्य प्रकार म्हणायला हवा. संख्या नेमकी असते आणि प्रवासाचा प्रकारच बदलतो, तेव्हा जास्त पंचाईत होते. कॅन्सस सिटीला १९७२ मध्ये तीन कंकणाकृती टर्मिनलं बांधली. कल्पना सुरेख होती: गाडी कंकणाच्या आतल्या बाजूला लावा, उतरा, काही पावलं चाला, समोर तुमचं गेट. मधे काहीच नाही. नेमक्या याच सुमाराला विमान अपहरणांचा सुळसुळाट झाला होता आणि जानेवारी १९७३ पासून अमेरिकेत प्रत्येक प्रवाशाची तपासणी सक्तीची झाली. म्हणजे 'मधे काहीच नाही' हे त्या आराखड्याचं सारं वैभव पहिल्या वर्षातच संपलं. अरुंद कंकणात काचेच्या भिंती घालून गेटांचे कप्पे करावे लागले, प्रत्येक कप्प्याला वेगळी तपासणी, वेगळं यंत्र, वेगळे कर्मचारी. तपासणी पार केलेला माणूस त्या कोंडवाड्यात अडकायचा. स्वच्छतागृहाला जायचं तर काही ठिकाणी बाहेर येऊन पुन्हा रांगेत उभं राहायचं. टीडब्ल्यूएने आपला हब तिथून सेंट लुईसला हलवला. पन्नास वर्षं हे शहर त्या आराखड्याशी झटत होतं. २०२३ मध्ये तीनही टर्मिनलांच्या जागी एकच नवं टर्मिनल सुरू झालं, खर्च दीड अब्ज डॉलर. त्याला ३९ गेटं आहेत आणि ती ५० पर्यंत नेण्याची सोय आराखड्यातच ठेवली आहे. अद्दल घडल्याशिवाय शहाणपण येत नाही म्हणावं, तर जगात सगळीकडे हीच अद्दल घडूनही तेच चाललेलं दिसतं.

तपासणीचं यंत्र हीच एक गोष्ट घ्या. २००१ च्या सप्टेंबरनंतर सुरक्षेचं दालन कित्येक पटींनी वाढलं. २००६ मध्ये द्रव पदार्थांवर बंधनं आली, ट्रे वाढले, रांगा लांबल्या. आता सीटी स्कॅनर आले आहेत. बॅगेतून लॅपटॉप काढा, बाटली काढा ही कटकट त्यांनी मिटते. पण हे यंत्र जुन्या एक्स-रे यंत्राहून कितीतरी जड असतं. ब्रिटनमधल्या काही विमानतळांना ते बसवण्यासाठी आधी जमिनीची स्लॅब मजबूत करावी लागली आणि त्यापायी ठरलेल्या मुदती टळल्या. वीस-तीस वर्षांपूर्वी स्लॅबचं गणित मांडणाऱ्या अभियंत्याला हातातल्या बॅगांसाठी सीटी स्कॅनर येतील हे माहीत असणं शक्य नव्हतं. 'इथे पुढे काहीतरी जड येऊ शकतं' एवढं मात्र त्याला कळू शकलं असतं. त्या वेळी थोडं जास्त लोखंड घालणं आणि चालू टर्मिनलमध्ये रात्री-अपरात्री स्लॅब फोडणं, या दोन खर्चांची तुलनाच होऊ शकत नाही.

उलट दिशेने चेक-इनचं दालन ओस पडत चाललंय. बोर्डिंग पास फोनवर येतो, अनेकांकडे टाकायला बॅगच नसते. एकेकाळी काउंटरांच्या रांगांसाठी राखलेली ती उंच, झगमगीत जागा आता नुसती ओलांडायची जागा झाली आहे. युरोपात ऑक्टोबर २०२५ पासून परदेशी प्रवाशांच्या बोटांचे ठसे नि चेहऱ्याची नोंद सीमेवर घेण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली, तर तिथे उलट प्रश्न आला: पासपोर्ट खिडक्यांसमोर यंत्रं ठेवायला आणि लोकांना उभं करायला जागा कुठे? एकाच इमारतीत एका टोकाला जागा रिकामी आणि दुसऱ्या टोकाला माणसं खोळंबलेली, मधे पक्की भिंत.

विमानांचंही तेच. एअरबस ए-३८० साठी जगभरच्या विमानतळांनी दुमजली एरोब्रिज उभारले, उभं राहायच्या जागा रुंदावल्या. कंपन्यांच्या हाती एकूण २५१ विमानं पडली आणि २०२१ मध्ये उत्पादन संपलं. आता लांब पल्ल्यावर छोटी, अरुंद विमानं निघाली आहेत. महाकाय विमानासाठी घडवलेलं गेट अशा विमानाला दिलं तर निम्मी जागा वाया. ज्यांनी आधीच अशी आखणी केली की एकाच जागेवर एक मोठं किंवा दोन लहान विमानं उभी राहू शकतील, त्यांना या बदलाची झळ फारशी लागली नाही.

मुळात बांधकामाला लागणारा वेळच इतका की प्रश्न बदलून जातो. हीथ्रोच्या पाचव्या टर्मिनलचा अर्ज १९९३ मधला. जनसुनावणी १९९५ ते १९९९ चालली, ब्रिटनच्या इतिहासातली सर्वांत लांब. २००१ मध्ये परवानगी, २००८ मध्ये उद्घाटन. पंधरा वर्षं. तेवढ्यात स्वस्त विमान कंपन्या आल्या, इंटरनेटवर तिकीट आलं, अमेरिकेवरचा हल्ला होऊन सुरक्षेचे सगळे नियम बदलले. (उद्घाटनाच्या दिवशी बॅगांचा जो गोंधळ उडाला, तो वेगळा विषय.) तरी या इमारतीचं एक श्रेय द्यायला हवं: बाहेरचं प्रचंड छत एका कमानीत, मधे खांबांशिवाय पेललेलं आहे आणि आतले मजले त्याच्यापासून स्वतंत्र उभे आहेत, म्हणजे छताला हात न लावता आतली रचना उलगडता येते. लंडनजवळच्या स्टॅन्स्टेड विमानतळाच्या टर्मिनलमध्ये वास्तुरचनाकार नॉर्मन फॉस्टरने १९९१ मध्येच वातानुकूलनाची यंत्रणा छतावरून काढून जमिनीखालच्या मजल्यावर नेली. वर उरला एक मोठा, उजेडाचा, मोकळा मंडप. त्या मोकळ्या जागेत नंतर दुकानांची भाऊगर्दी झाली आणि मूळ सौंदर्य पार झाकलं गेलं, ही तक्रार रास्त आहे. पण जे भरता आलं ते उद्या उपसताही येईल, एवढं तरी उरलं.

आता बांधकामाआधीचा एक प्रश्न, जो कुणी विचारतच नाही. गर्दी झाली म्हणजे इमारत अपुरी पडली, असंच गृहीत धरलं जातं. नियोजनातली जुनी पद्धत अशी की टर्मिनल वर्षातल्या सर्वांत गर्दीच्या तासासाठी बांधायचं नाही. गर्दीनुसार तासांची उतरती यादी करून बहुधा तिसाव्या क्रमांकाचा तास धरायचा. म्हणजे वर्षातले काही तास रेटारेटी होणार हे मान्य करून बाकी वर्षभराचा पैसा वाचवायचा. पद्धत शहाणपणाची आहे. पण तो तास गर्दीचा का झाला? सगळ्या कंपन्यांना सकाळी सहा ते आठच्या दरम्यानच विमान हवं असतं म्हणून. डिसेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या तिसऱ्या टर्मिनलवर रांगांनी देशभर बोंब उठली, तेव्हा एक्स-रे यंत्रं वाढवली, सुरक्षा कर्मचारी वाढवले, गर्दीच्या तासातली काही विमानं हलवायला लावली. नवी भिंत न बांधता रांगा आटोक्यात आल्या. प्रत्येक ठिकाणी हे चालणार नाही, कबूल. पण विस्ताराच्या प्रत्येक प्रस्तावात 'न बांधता किती भागेल' हे पान आधी हवं, आणि ते पान लिहिणारा माणूस बांधकामाचा सल्लागार नसावा.

काउंटर आणि गेटं कुणाची, हाही असाच बिनसिमेंटचा प्रश्न. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकच्या वेळी तिथे पहिल्यांदा अशी संगणक व्यवस्था आली की कुठलीही कंपनी कुठल्याही काउंटरवर काम करू शकेल. तोवर काउंटर म्हणजे ज्या-त्या कंपनीची जहागीर. आजही अनेक ठिकाणी गेटं दीर्घ मुदतीच्या भाड्याने एकेका कंपनीला दिलेली असतात. शेजारचं गेट तासन्‌तास रिकामं असतं आणि दुसऱ्या कंपनीचं विमान टॅक्सीवेवर ताटकळतं. त्याच धर्तीवर काही टर्मिनलांत दरवाजांची अशी योजना असते की एकच गेट सकाळी देशांतर्गत आणि रात्री आंतरराष्ट्रीय उड्डाणाला वापरता येतं. असं एक गेट म्हणजे जवळपास दोन गेटं. पण फीत कापायला त्यात काही नसतं.

फितीचा उल्लेख मी चेष्टेने करत नाही. टर्मिनल मोठं का होतं याचं खरं कारण बहुतेकदा प्रवासी नसतात. राजकारण्याला कारकिर्दीत एकदा उद्घाटन हवं असतं. विमानतळ चालवणाऱ्या कंपनीला, जिथे नियामक गुंतवलेल्या भांडवलावर ठरावीक परतावा देतो तिथे, जास्त भांडवल गुंतवण्यातच फायदा दिसतो. सल्लागाराचं शुल्क प्रकल्पाच्या आकाराशी बांधलेलं असतं. वास्तुरचनाकाराला टीडब्ल्यूएसारखं काहीतरी करून जायचं असतं. या सगळ्यांचं हित एकाच दिशेला आहे, आणि वाढीव शुल्क तिकिटातून देणारा प्रवासी त्या टेबलावर नसतो. 'आपण उद्याचा विचार करून मोठं बांधतोय' हे वाक्य ऐकलं की म्हणूनच मी आधी पाहतो, बोलणाऱ्याला पैसे कशाचे मिळतात.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात आणि दोन्ही दमदार आहेत. पहिला असा की टप्प्याटप्प्याने बांधलं तर प्रवाशांच्या नशिबी कायमचं पत्र्याचं कुंपण आणि धूळ. खरं आहे. न्यूयॉर्कचं लाग्वार्डिया चालू ठेवून पाडत-बांधत नवं केलं, तेव्हा तिथून जाणाऱ्यांचे कित्येक वर्षं हाल झाले. पण वाढ कुठे होणार हे पहिल्या दिवशी ठरलेलं असेल तर हाल कमी होतात. अटलांटाने १९८० मध्ये समांतर इमारतींची रांग आखली, खालून रेल्वे नेली. १९९४ मध्ये पुढची इमारत, २०१२ मध्ये त्याच्या पुढची. डेन्व्हरचं नाव बॅगांच्या स्वयंचलित यंत्रणेच्या फजितीसाठी घेतलं जातं. तिच्यापायी विमानतळाचं उद्घाटन १६ महिने लांबून १९९५ वर गेलं आणि २००५ मध्ये ती यंत्रणाच मोडीत काढली. त्याच डेन्व्हरने गेटांच्या तीन इमारतींना टोकाला जागा मोकळी सोडली होती; २०२२ पर्यंत तिथे ३९ गेटं वाढवली. विमानतळ एकच, एका बाबतीत यंत्रावर सारी भिस्त ठेवून फसला, दुसऱ्या बाबतीत जमीन मोकळी ठेवून तरला.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे: लवचीकतेलाही पैसे लागतात, आणि वापरलीच नाही तर ते पाण्यात. डलेसलाच पाहा. २०१० मध्ये जमिनीखालची रेल्वे सुरू झाली, तेव्हा एक स्थानक भविष्यात बांधायच्या कायमच्या इमारतीखाली बसवलं. ती इमारत झालीच नाही. प्रवासी रेल्वेतून उतरून लांब बोगद्यातून चालत त्या 'तात्पुरत्या' इमारतीकडे जातात. म्हणजे भविष्यासाठी जागा राखणं वेगळं आणि भविष्य एकच आहे असं धरून काँक्रीट ओतणं वेगळं. जमीन राखा, पाया थोडा जाड घ्या, बॅगांचे बोगदे रुंद ठेवा, टोकाची भिंत काढता येण्यासारखी करा. हे स्वस्त आहे, आणि भविष्य कसंही आलं तरी कामाला येतं. पुरं स्थानक बांधणं स्वस्त नाही.

आणि लवचीकता म्हणजे बांधता बांधता मन बदलणं नव्हे. बर्लिनचं नवं विमानतळ जून २०१२ मध्ये उघडायचं होतं, उघडलं ऑक्टोबर २०२० मध्ये. धूर बाहेर काढण्याची यंत्रणा चाचणीत नापास झाली हे तात्कालिक कारण. पण काम चालू असताना टर्मिनलचा आकार आणि दुकानांची जागा वाढवत नेल्याने सगळाच गुंता झाला होता. त्या आठ वर्षांत जुन्या टेगेल विमानतळाने भार वाहिला. १९७४ ची ती षट्कोनी इमारत, जिथे प्रत्येक गेटाला स्वतःचं चेक-इन, स्वतःची तपासणी होती. २०१९ मध्ये तिथून २ कोटी ४० लाखांहून जास्त प्रवासी गेले.

२०२० ने आणखी एक दिशा दाखवली, जिचा कुठल्याच आराखड्यात विचार नव्हता: खाली. २०१९ मध्ये जगभर सुमारे ४५० कोटी विमानप्रवासी होते, पुढच्या वर्षी १८० कोटी. सिंगापूरच्या चांगीने आपली दोन टर्मिनलं बंद ठेवली आणि पाचव्या टर्मिनलचं काम दोन वर्षं थांबवलं. त्या काळात आराखडा पुन्हा काढला. आता ते वेळ पडल्यास दोन लहान टर्मिनलं म्हणून वेगवेगळं चालवता येईल अशा बेताने बांधलं जात आहे. पाच कोटी क्षमतेच्या प्रकल्पात अर्धं बंद करायची सोय आधीच ठेवणं हे मला गेल्या काही वर्षांतलं या क्षेत्रातलं सर्वांत समंजस काम वाटतं. पिट्सबर्गनेही २०२५ मध्ये जुनी मुख्य इमारत आणि ती छोटी रेल्वे निवृत्त केली आणि गेटांना लागूनच, आपल्या आजच्या प्रवाशांच्या मापाचं नवं टर्मिनल उघडलं.

विस्ताराच्या कुठल्याही प्रस्तावाकडून म्हणून अपेक्षा ठेवायची ती पुढच्या टप्प्याच्या अटीची. पुढचा टप्पा अमुक साली सुरू होईल, असं नको. सलग दोन वर्षं गर्दीच्या तासाला इतके प्रवासी आले तर सुरू होईल, असं लिहा. शिवाय प्रवासी निम्मे झाले तर इमारतीचा कुठला भाग बंद करणार, त्याने किती खर्च वाचणार, हेही लिहा. ती मोजणी दर वर्षी कोण करणार, ती लोकांसमोर मांडली जाणार का, आणि अट पुरी झाली नसताना कंत्राट निघालं तर ते थांबवण्याचा अधिकार कुणाला, हे मंजुरीच्या कागदातच यायला हवं.